नंबर तोच राहील, बाकीचं काय?

चिंचवडला राहणारी माझी मावशी डबे करते. सकाळचे बावीस, संध्याकाळचे चौदा. गेल्या दिवाळीत तिच्या मुलानं तिला नवा फोन घेऊन दिला. जुना फोन एका पद्धतीचा, नवा दुसऱ्या. कुठून कुठे गेली ते मुद्दाम सांगत नाही. नाव घेतलं की अर्धे वाचक या कोपऱ्यात आणि अर्धे त्या कोपऱ्यात जाऊन बसतात, आणि मग बोलणं होतं ते कॅमेऱ्याचं नाहीतर बॅटरीचं. मावशी उलट दिशेनं गेली असती तरी तिचं हेच झालं असतं.

दुकानातल्या पोरानं खोका फोडला, फोन तिथेच चालू केला, दोन-चार अ‍ॅप टाकली, काच चिकटवली, सिम घातलं. मावशीनं विचारलं, "यात माझं सगळं येईल ना रे?" तो म्हणाला, "काकू, नंबर तोच राहतो. टेन्शन घेऊ नका."

नंबर तोच राहिला. घरी येऊन चॅटचं अ‍ॅप उघडलं तर आत शुकशुकाट. सहा वर्षांची गिऱ्हाइकं, त्यांचे निरोप, बोलून पाठवलेल्या ऑर्डरी, काही नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या सरांना मंगळवारी उपास असतो, समोरच्या सोसायटीतल्या बाईंना लसूण चालत नाही, हॉस्टेलची पोरं महिन्याचे पैसे निम्मे पाच तारखेला आणि निम्मे वीसला देतात. हे सगळे निरोप तिनं चांदणीची (स्टारची) खूण करून ठेवले होते. वही कधी घातलीच नाही, कारण फोन होता.

चूक कोणाची म्हणाल तर दुकानातल्या पोराची नाही. एका पद्धतीच्या फोनवरून दुसऱ्या पद्धतीच्या फोनवर, म्हणजे अँड्रॉइडवरून आयफोनवर किंवा उलट, चॅट न्यायची सोय आहे, पण ती नवा फोन कोरा असताना, पहिल्यांदा चालू करतानाच वापरायची असते. एकदा फोन सुरू केला की दार बंद. मग सगळं पुसून, फोन पुन्हा कोरा करून, पहिल्यापासून. हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. गिऱ्हाइकावर उपकार म्हणून फोन "चालू करून" देणाऱ्या पोराला तरी ते कुठून ठाऊक असणार?

माझं म्हणणं एवढंच आहे की हे दार असं असणं हा तांत्रिक अपघात नाही. ते उघडं ठेवायला कंपन्यांना कोणी भाग पाडलेलं नाही म्हणून ते बंद आहे. आणि भाग पाडायचं कसं, हे आपण या देशात एकदा करून दाखवलेलं आहे.

दुकानातला पोरगा ज्या विश्वासानं "नंबर तोच राहतो" म्हणाला तो विश्वास आला कुठून? २०११च्या आधी असं कोणी म्हणू शकत नव्हतं. कंपनी बदलायची तर नंबर सोडावा लागे. व्हिजिटिंग कार्डं वाया, दुकानाची पाटी वाया, गाडीच्या काचेवर रंगवलेला नंबर वाया. त्यामुळे रेंज येत नसली, बिलात घोळ असला तरी माणूस कंपनीला चिकटून राही, आणि कंपनीलाही ते पक्कं ठाऊक होतं. दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, नंबर कायम ठेवून कंपनी बदलू द्यावी अशी शिफारस २००६ सालीच केली होती. ती प्रत्यक्षात यायला साडेचार वर्षं लागली. तारखा पडत गेल्या. अखेर २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात सुरुवात झाली आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर. तेव्हा आपापल्या सर्कलमध्येच, म्हणजे दूरसंचाराच्या ठरलेल्या विभागातच, नंबर नेता येई. पुण्याचा नंबर घेऊन बंगळुरूला जाता येऊ लागलं ते जुलै २०१५ पासून.

या योजनेतली खरी हुशारी कुठे आहे ते बघा. तुम्ही १९०० वर 'पोर्ट' असा मेसेज टाकता, कोड येतो, तो घेऊन नव्या कंपनीकडे जाता. जुन्या कंपनीच्या दारात जाऊन "जाऊ का?" असं विचारावं लागत नाही. थकबाकीसारखी ठरलेली कारणं सोडली तर तिला नाही म्हणता येत नाही. आणि मुदत बांधलेली आहे: डिसेंबर २०१९ पासूनच्या नियमांनुसार त्याच सर्कलमध्ये तीन कामाचे दिवस. निघायचा हक्क तुमचा, सामान पोहोचवायची जबाबदारी त्यांची. घर बदलताना पॅकर्स-मूव्हर्सही एवढी हमी देत नाहीत.

नंबरची सोय देशभर आली त्याच वर्षी, १ ऑक्टोबर २०११ पासून, आरोग्य विम्यातही हेच आलं. कंपनी बदलली तरी आधीच्या आजारांसाठी मोजलेला प्रतीक्षाकाळ वाया जात नाही. म्हणजे 'साठवलेलं सोबत न्यायचा हक्क' ही कल्पना आपल्याला परकी नाही. फोनच्या आतल्या संसारापाशी येऊन मात्र ती थांबली.

आणि या संसाराचं ओझं केवढं असतं ते एकदा स्वतः उचलून बघायला हवं. फोनमधली नावं-नंबर बहुतेक येतात. जी जीमेलच्या खात्यात न ठेवता फोनमध्येच ठेवलेली असतात ती कधीकधी गाळात जातात. फोटो येतात, पण किती आणि कसे हा प्रश्न. गूगल फोटोजनं अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला बंद केली, तोवर लोकांनी आपली लग्नं, बारशी, पावसाळी सहली सगळं तिथे ओतून झालं होतं. ते बाहेर काढायला 'टेकआउट' नावाची सोय आहे, आणि गूगलनं ती २०११ पासून ठेवली आहे हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. पण हातात येतात झिप फायलींचे गठ्ठे, आणि फोटो कधी काढला, कुठे काढला याची माहिती बरेचदा शेजारी वेगळ्या फायलीत. ते पुन्हा जुळवणं हे घरातल्या एखाद्या इंजिनिअर भाच्याचं रविवारचं काम. दुसरीकडे आयफोनचे फोटो २०१७ पासून ज्या नव्या प्रकारात साठू लागले, तो प्रकार आजही एखाद्या सरकारी पोर्टलवर चढवायला जा, "फक्त जेपीजी चालेल" असं उत्तर येतं.

विकत घेतलेली अ‍ॅप राहतात मागे. एका दुकानात पैसे भरले म्हणून दुसरं दुकान ते मानत नाही. कीबोर्डनं वर्षानुवर्षं शिकलेली तुमची मराठी, आडनावं, गावांची नावं, 'हो गं', 'येतेच', हेही सगळं विसरून नवा कीबोर्ड बालवर्गात बसतो.

मग पैसे. यूपीआय नव्या फोनवर पुन्हा नोंदवावं लागतं, कारण ते फोनशी आणि सिमशी बांधलेलं आहे. बँकेचं अ‍ॅप नवा फोन बघून बिचकतं आणि पहिला काही काळ मोठी रक्कम जाऊ देत नाही. याबद्दल मी तक्रार करणार नाही. ही अडवणूक नसून कडी आहे, आणि रोज ओटीपी विचारून लोकांना लुबाडणाऱ्यांच्या काळात ती हवीच. कडी आणि कुलूप यांतला फरक सांगायचाच तर तो असा: कडी आतल्या माणसाला काढता येते.

व्हॉट्सअ‍ॅपचं उदाहरण घ्या, कारण आपल्याकडे फोन म्हणजे निम्मं तेच. अँड्रॉइडवर त्याचा बॅकअप गूगलच्या ढगात, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीत, जातो, आयफोनवर अ‍ॅपलच्या. एका ढगातलं पाणी दुसऱ्या शेतात पडत नाही. आयफोनवरून निवडक सॅमसंग फोनवर चॅट नेण्याची अधिकृत वाट २०२१ मध्ये निघाली, आणि अँड्रॉइडवरून आयफोनवर जाण्याची २०२२ मध्ये. त्याआधी दशकभर कोट्यवधी माणसं एकतर सगळं सोडून देत किंवा बाजारातल्या शंकास्पद सॉफ्टवेअरला पैसे देऊन आपल्या सगळ्या गप्पा परक्याच्या हाती देत. २०२३ मध्ये क्यूआर कोड दाखवून एका फोनवरून दुसऱ्या फोनवर चॅट नेण्याची झकास सोय आली. ढग नको, वायर नको. पण दोन्ही फोन एकाच पद्धतीचे असले तरच!

म्हणजे जमतं. एकाच वाड्यातल्या या खोलीतून त्या खोलीत सामान पाच मिनिटांत जातं. वाडा बदलायचा म्हटलं की सगळ्यांना तांत्रिक अडचणी आठवतात.

इथे एक गंमत आहे. अ‍ॅपलनं २०१५ मध्ये अँड्रॉइडवाल्यांना आपल्याकडे आणायला 'मूव्ह टू आयओएस' हे अ‍ॅप काढलं. गूगलनं २०२२ मध्ये आयफोनवाल्यांसाठी 'स्विच टू अँड्रॉइड' काढलं. दोघांनीही येणाऱ्यासाठी पायघड्या घातल्या. जाणाऱ्याची पिशवी भरून द्यायला तेव्हा दारात कोणीच उभं नव्हतं. बाजाराला आपलं आपण सुधारू द्या म्हणणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. बाजार येण्याची वाट सुधारतो, कारण त्यात पैसा आहे. जाण्याची वाट सुधारण्यात कोणत्या कंपनीचा पैसा आहे?

आणि हा नुसता दुर्लक्षाचा मामला नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत एपिक गेम्स ही खेळ बनवणारी कंपनी विरुद्ध अ‍ॅपल हा खटला चालला तेव्हा अ‍ॅपलमधल्या वरिष्ठांचे जुने ईमेल उघड झाले. २०१३ मध्ये क्रेग फेडरिगी यांनी लिहिलं होतं की आयमेसेज, म्हणजे आयफोनची स्वतःची मेसेजसेवा, अँड्रॉइडवर दिलं तर आयफोनवाल्या घरांनी मुलांना अँड्रॉइड फोन देण्यातला एक अडथळा तेवढा दूर होईल. २०१६ मध्ये फिल शिलर यांचं मत पडलं की तसं केल्यानं आपला फायद्यापेक्षा तोटाच होईल. २०२२ मध्ये एका जाहीर कार्यक्रमात कोणीतरी कंपनीचे त्यावेळचे प्रमुख टिम कुक यांना म्हणालं, माझ्या आईला मी काही व्हिडिओ नीट पाठवू शकत नाही. कुक यांनी हसत सल्ला दिला: आईला आयफोन घेऊन द्या. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागानं अ‍ॅपलवर मक्तेदारीचा दावा दाखल केला, त्यातही ही निळ्या-हिरव्या मेसेजांची भिंत आहे: आयफोनवर दुसऱ्या आयफोनशी झालेलं बोलणं निळं दिसतं, अँड्रॉइडवाल्याशी झालेलं हिरवं.

आपल्याला ती भिंत फारशी टोचत नाही, कारण आपण मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर करतो. टोचते ती न्यू जर्सीतल्या भाच्याला, ज्याच्या मित्रांच्या ग्रुपात तो एकटाच हिरवा असतो. पण म्हणून गूगलला धुतल्या तांदळाचं समजायचं कारण नाही. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडवरच्या वर्चस्वाचा गैरवापर केला म्हणून गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. तो प्रामुख्यानं फोनमध्ये आधीच घालून दिलेल्या अ‍ॅपांबद्दलचा होता, म्हणजे दारातून आत आल्यावर समोर काय वाढून ठेवलंय त्याबद्दल.

दार बाहेरच्या बाजूनं उघडलं ते युरोपात. तिथला डिजिटल बाजार कायदा मोठ्या कंपन्यांना मार्च २०२४ पासून पाळावा लागतो, आणि आपला डेटा फुकट आणि सलगपणे दुसरीकडे नेता येणं हे त्यात कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. त्यानंतर अ‍ॅपलनं आयफोन सोडून जाणाऱ्यांसाठी सोय बनवत असल्याचं जाहीर केलं, आणि २०२५ च्या अखेरीस अ‍ॅपल आणि गूगल दोघं मिळून ही ये-जा सोपी करत असल्याच्या बातम्या आल्या. इतकी वर्षं जे जमत नव्हतं ते कायदा आल्यावर जमायला लागलं! चार्जरचंही तेच झालं. सगळ्यांनी एकच पिन वापरावी असा नियम युरोप करायला निघाला तेव्हा अ‍ॅपलनं नवनिर्मिती मरेल असा सूर लावला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ आला तो तीच पिन घेऊन. नवनिर्मिती काही मेली नाही. उलट आमच्या घरात रोज संध्याकाळी होणारं एक भांडण मेलं.

आता आपल्याकडे काय? न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीनं २०१८ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा मसुदा दिला, त्यात आपला डेटा वाचता येईल अशा रूपात मिळवण्याचा आणि दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. २०१९ मध्ये लोकसभेत आलेल्या विधेयकातही तो होता. ते विधेयक २०२२ मध्ये मागे घेतलं गेलं. २०२३ मध्ये जो कायदा झाला त्यातून तो हक्क गायब झाला. त्या कायद्यानं तुम्हाला काय मिळतं? आपल्या डेटाचा सारांश मागता येतो, तो दुरुस्त करता येतो, पुसायला लावता येतो, तक्रार करता येते, आणि आपल्या पश्चात हे हक्क वापरायला माणूस नेमता येतो. मावशीला सहा वर्षांच्या ऑर्डरींचा सारांश घेऊन काय करायचंय? मेल्यावरचा वारस नेमायची सोय झाली, जिवंतपणी घर बदलायची राहिली.

डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये आला, त्यात बड्या कंपन्यांवर डेटा नेऊ देण्याचं बंधन होतं. मोठ्या उद्योगांनी हरकती घेतल्या आणि तो रेंगाळला. ट्रायच्या २००६ च्या शिफारशीचंही असंच झालं होतं, तेव्हा मी अगदीच निराश नाही.

आक्षेप काय येतील ते ठाऊक आहे. पहिला: हा श्रीमंतांचा प्रश्न. या देशात शंभरातले नव्वदाहून जास्त फोन अँड्रॉइडच असतात, कोण कशाला पलीकडे जातंय? आधी हे बघा की कोणती पद्धत किती दिवस टिकेल याची खात्री कोणालाच नाही. नोकियाचे रंगीबेरंगी लुमिया घेऊन मिरवणारी माणसं आपल्या आसपास होती. विंडोजची ती पद्धत मेली. ब्लॅकबेरीनं ४ जानेवारी २०२२ पासून जुन्या फोनांचा आधार काढून घेतला. म्हणजे एखादा नाराज झाला म्हणूनच जातो असं नाही, कधीकधी घरच पडतं. आणि श्रीमंताकडे लॅपटॉप असतो, हिशेबनीस असतो, फोन हरवला तर चिडचिड होते. ज्याची वही, गल्ला, बँक आणि दुकानाची पाटी एकाच सहा इंची काचेत आहे, त्याचा धंदा बसतो. पलीकडे कोणी जात नाही हे खरं असेलही. दार बंद असल्यावर ये-जा मोजून काय सिद्ध होतं?

दुसरा आक्षेप वजनदार आहे. बाहेर न्यायचं दार केलं की चोरही त्यातूनच माल नेतो. फोन पाच मिनिटं हाती लागला की नवरा बायकोच्या सगळ्या गप्पा उचलून नेईल. ही भीती खोटी नाही, आणि असले कायदे लिहिणाऱ्यांनी ती नीट ऐकायला हवी. पण नंबरच्या बाबतीत काय झालं ते आठवा. दुसऱ्याचं सिम काढून, लगेच नंबर पोर्ट करून लोकांची खाती साफ करण्याचे प्रकार झाले. ट्रायनं काय केलं? पोर्टिंग बंद नाही केलं. १ जुलै २०२४ पासून नियम आला की सिम बदललं असेल तर सात दिवस पोर्टचा कोडच मिळणार नाही. दाराला कडी लावली. फोनच्या संसारालाही लावावी: पिन विचारा, दोन दिवस थांबवा, जुन्या फोनवर ठळक अक्षरांत कळवा. मी वर्षभर थांबायलाही तयार आहे, जर शेवटी सगळं सोबत येणार असेल.

कायद्यात नेमकं काय हवं यावर वकील बोलतील. मला दोनच गोष्टी हट्टानं मागायच्या आहेत, कारण त्या मावशीच्या स्वयंपाकघरात बसून पाहिल्या आहेत. सामान कधीही नेता आलं पाहिजे, फक्त फोन कोरा असताना नाही. आणि नेलेलं सामान आधीच्या सामानात मिसळलं पाहिजे.

ही दुसरी मागणी कशी सुचली ते सांगतो. मी चिंचवडला पोहोचेपर्यंत दिवाळी होऊन पंधरा दिवस गेले होते. सुदैवानं जुना फोन तिनं एक्स्चेंजमध्ये दिला नव्हता. नंबर तात्पुरता जुन्या फोनवर परत आणून ढगातलं जुनं सगळं मिळवणं शक्य होतं, मग नवा फोन कोरा करून रीतसर पुन्हा जाणं शक्य होतं. दोन संध्याकाळी, दोनदा बँकेचं अ‍ॅप नव्यानं, यूपीआयची नोंदणी नव्यानं. पण त्यात मधल्या पंधरा दिवसांत नव्या फोनवर जे आलं होतं ते जाणार होतं. दोन्ही एकत्र करायची वाटच नाही. एकतर सहा वर्षं, नाहीतर हे पंधरा दिवस. चॅट बाहेर काढून मजकुराची फाइल करता येते, पण ती फाइल परत आत घालता येत नाही. ते म्हणजे पत्रांची झेरॉक्स.

मावशीला मी हे सगळं समजावून सांगितलं. तिनं कणकेचे हात धुतले, नातवाची अर्धी कोरी असलेली भूगोलाची वही काढली, चष्मा लावला आणि नवा फोन ओट्यावर मिक्सरला टेकवून उभा केला. पंधरा दिवसांच्या ऑर्डरी, कोणाचे किती आले, कोणी डबा नको म्हणून कळवलं, तीन नवी गिऱ्हाइकं आणि त्यांचे पत्ते, एकेक निरोप वाचून उतरवून घ्यायला तिला रात्रीचे साडेअकरा झाले. मग म्हणाली, "पूस आता."

फोन पुसला, जुनं सगळं आलं, मंगळवारच्या उपासासकट. परवा गेलो होतो तेव्हा भूगोलाची वही संपली होती. फ्रिजवर दुसरी होती, लांब, लाल पुठ्ठ्याची, हिशेबाची. पहिल्या पानावर तारीख आणि खाली श्री.